पोटखराब

मोजणीचं यंत्र हिवराच्या सावलीत उभं केलं
तेव्हा साडेदहा वाजले होते. हरभरा निघालेला,
काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा.
मौजे खरबडी, गट नंबर एकशे बारा.
उताऱ्यावर दोन आर पोटखराब.
कारण लिहिलेलं नाही.

पाहिलं तर दगड.
चुन्याशिवाय एकावर एक बसवलेले
आणि तसेच, चुन्याशिवाय, सुटे झालेले.
दाराची एक बाजू उभी, दुसरी नाही,
त्यामुळे आत कुठून आणि बाहेर कुठून
हे ज्याचं त्यानं ठरवायचं.
मध्ये ओटा. गुडघ्याएवढा, चौकोनी, ताजा पोतारलेला.
मूर्ती नाही, शेंदूर नाही,
घंटा टांगावी तर छप्परच नाही.

मी विचारलं, देव कोणता?
रेऊबाई म्हणाली, "देव नाही जी.
अथी बसले व्हते."
कोण?
"बसले व्हते," ती पुन्हा म्हणाली,
क्रियापदाला कर्ता लागतो
हे जणू फक्त शाळेपुरतं.

काळी वस्त्रं नेसणारी माणसं. वेशीतून न येता
शेताशेतांतून यायची, झोळी घेऊन,
एका गावात दुसरी रात्र नाही.
त्यांनी बांधलं ते राहायला नव्हतं.
त्यांच्यातलं कुणीतरी ऊन उतरेस्तोवर इथे टेकलं होतं,
तेवढंच विसरू नये म्हणून एवढे दगड.
रेऊबाईच्या सांगण्यात एक कुंभारीण पाणी आणते.
हा खारपाणपट्टा. पाणी तोंडात धरवत नाही.
तो सगळं प्यायला.
गोड आहे, असं म्हणाला नाही.
"खारं आहे," म्हणाला, "अजून दे."

दारावरची शिळा आता गावविहिरीपाशी,
पोरी तिच्यावर कपडे आपटतात.
तिच्यावर अक्षरं आहेत. ओळखीची वाटतात, वाचता येत नाहीत,
प्रत्येकाच्या जागी दुसरंच कुणी बसलेलं.
लपवायचं होतं म्हणे त्यांना काही.
ज्यांच्यापासून लपवलं तेही गेले,
आणि लपवलेलं रोज सकाळी
साबणाच्या फेसातून उघडं पडतं.
बाकीचे दगड: शाळेची पायरी,
उकर्डा वानखड्याचा गोठा,
पाण्याच्या टाकीचा पाया.
"नेले लोकायनं," रेऊबाई म्हणाली,
पाहुण्यानं डबा नेला म्हणावं तसं.

दुपारनंतर आकडे जमेनात.
तीनदा घेतले. प्रिझम धरून कवडू कंटाळला.
कागदावर दोन आर, शंभर वर्षांपूर्वीची शाई.
जमिनीवर साडेतीनच्या वर.
सत्तावीस वर्षं धुरे मोजतो आहे मी.
धुरा सरकतो, पण आत सरकतो, खातो.
इथे दगड कमी होत गेले
आणि न नांगरलेली जागा वाढत गेली.

उकर्ड्याला विचारलं. तो त्या पंथाचा नाही.
मटण खातो, मारुतीला नारळ फोडतो.
खांद्यावरचा दुपट्टा झटकून म्हणाला,
"आज्यानं एक तास सोडलं. बुढ्यानं अजून एक.
म्या तं ट्रॅक्टरवाल्याले सांगतो, दुरून वळव."
कायले?
"वळाले जागा लागते नं, सायेब."

शेऱ्याच्या रकान्यात काही लिहावंच लागतं:
नाला, खडक, पाऊलवाट, पडकी विहीर.
'बसले होते' याला आमच्या यादीत चिन्ह नाही.
मी पेन्सिलीनं एक चौकोन काढला
आणि आत काहीच भरलं नाही.

कवडू तिवई दुमडून गाडीकडे निघाला.
रेऊबाईनं गडवा पुढे केला.
गाडीत माझी बाटली होती, तरी प्यायलो.
खारं होतं.
पुढे काय म्हणायचं ते मला माहीत होतं.
म्हणालो नाही.
ती मात्र उभी राहिली,
गडवा तसाच धरून.